स्पॅमला नकार कुठे द्यायचा?

मेल सर्व्हर मंदावला की पहिली मागणी होते ती रॅम वाढवण्याची. रॅम येते, दोन-चार महिने बरे जातात आणि मग पुन्हा सकाळी कामाच्या वेळेला रांग तुंबते. लॉग उघडून पाहिला तर बहुतेक ठिकाणी एकच गोष्ट दिसते. सर्व्हरला दम लागतोय तो हवे असलेले मेल पोचवताना नव्हे, नको असलेले वाचताना. मेल पूर्ण उतरवून घ्यायचा, डिस्कवर लिहायचा, त्यात व्हायरस आहे का ते पाहायचे, शेकडो नियम लावायचे आणि शेवटी ठरवायचे की हा कचरा आहे. यातल्या बऱ्याच मेलबाबत हा निकाल एक ओळही न वाचता देता आला असता, समोरच्या यंत्राच्या नुसत्या वागण्यावरून.

स्पॅम अडवण्याच्या युक्त्यांची चर्चा सहसा 'किती टक्के पकडते' या एकाच अंगाने होते. इथे हिशेब वेगळा मांडायचा आहे: नकार देईपर्यंत सर्व्हरचे किती खर्ची पडते, आणि तो खर्च वाचवण्याच्या नादात चूक झाली तर भुर्दंड कोणाच्या डोक्यावर बसतो.

मेलची देवाणघेवाण ज्या नियमांनी चालते तो एसएमटीपी जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली आरएफसी ८२१ मध्ये मांडला. तो म्हणजे दोन यंत्रांमधला रीतसर संवाद. पाठवणारा जोडणी करतो, सर्व्हर २२० म्हणून स्वागत करतो, पाठवणारा 'हेलो' म्हणून आपले नाव सांगतो. मग 'मेल फ्रॉम'मध्ये प्रेषकाचा पत्ता, 'आरसीपीटी टू'मध्ये घेणाऱ्याचा, आणि 'डेटा' म्हटल्यावर प्रत्यक्ष मजकूर. २ ने सुरू होणारे उत्तर म्हणजे ठीक, ४ ने म्हणजे आत्ता नाही, नंतर या, आणि ५ ने म्हणजे कायमचा नकार. 'डेटा'च्या आधी ५५० म्हटले तर सर्व्हरला जेमतेम काही ओळींचे बोलणे पडते. 'डेटा' नंतर, पण शेवटचे २५० देण्याआधी नकार दिला, तर मजकूर उतरवण्याचा आणि वाचण्याचा खर्च होतो. २५० देऊन बसलात तर मेलची जबाबदारीच तुमची. डाळीतले खडे कुकर लावण्याआधी निवडतात, शिटी झाल्यावर नाही. पण कितीतरी सर्व्हरांची मांडणी नेमकी उलटी असते: आधी सगळे घ्या, मग निवडा.

या उलट्या क्रमाचा आणखी एक तोटा आहे. घेऊन टाकलेल्या स्पॅमचे करायचे काय? 'तुमचा मेल पोचला नाही' असे प्रेषकाला कळवावे, तर स्पॅममधला प्रेषक खोटा असतो. निरोप जातो भलत्याच माणसाला. ऑगस्ट २००३ मध्ये सोबिग-एफ हा व्हायरस पसरला तेव्हा जगभरच्या अँटिव्हायरस यंत्रणांनी 'तुम्ही आम्हाला व्हायरस पाठवलात' अशा पत्रांचा असाच पाऊस पाडला, ज्यांनी काहीच पाठवले नव्हते अशांवर. दारात नकार दिला तर निरोप पाठवण्याचे काम समोरच्या सर्व्हरचे असते. समोर बॉट असेल तर तो निरोपाच्या फंदात पडतच नाही.

आता भार म्हणजे नेमके काय ते पाहू, कारण इथे बऱ्याच जणांची गफलत होते. सीपीयू शंभर टक्के भरणे ही अलीकडची अडचण नाही, अडचण आहे वाट पाहण्याची. समजा सेकंदाला २० मेल येतात आणि एक मेल तपासायला २ सेकंद लागतात. म्हणजे कोणत्याही क्षणी ४० तपासण्या चालू. प्रत्येक तपासणीची प्रोसेस ८० एमबी खात असेल तर सव्वातीन जीबीच्या आसपास जागा गेली. ठीक आहे, भागते. पण त्याच वेळी एखादा डीएनएस सर्व्हर उत्तर देईनासा झाला आणि तपासणी १५ सेकंद अडकली, तर हाच आकडा ३०० प्रोसेसवर जातो. २४ जीबी रॅम लागेल. नसेल तर यंत्र स्वॅपमध्ये जाते, स्वॅपमुळे तपासणी आणखी लांबते, आणि हे चक्र थांबत नाही. १५ सेकंदांचा आकडा हवेतला नाही. स्पॅमअसॅसिन या फिल्टरमध्ये ब्लॅकलिस्टच्या (तिच्याबद्दल पुढे) उत्तरासाठी थांबण्याची मूळ मर्यादा तेवढीच आहे. एकाही स्पॅमची भर न पडता सर्व्हर आडवा होऊ शकतो तो असा.

म्हणून माझ्या मते या सगळ्या कामातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय म्हणजे मेल सर्व्हरवरच स्वतःचा डीएनएस रिझॉल्व्हर चालवणे. अनबाउंडसारखा एक छोटा प्रोग्रॅम, थोडी रॅम. त्याने एकदा विचारलेले उत्तर जवळ राहते, आणि ब्लॅकलिस्टांचे उत्तर वेळेत येते.

ब्लॅकलिस्टांची कल्पना १९९७ ची. पॉल विक्सी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मॅप्स या नावाने स्पॅम पाठवणाऱ्या आयपी पत्त्यांची यादी सुरू केली, आणि ती डीएनएसमधून विचारता येण्याची सोय झाली. युक्ती मोठी सुटसुटीत आहे. जोडणी करणारा पत्ता १९२.०.२.४५ असेल तर तो उलटा करून ४५.२.०.१९२ आणि पुढे यादीचे नाव जोडून डीएनएसला विचारायचे. असे नाव नाही म्हटले तर पत्ता यादीत नाही. १२७.०.०.२ सारखे उत्तर आले तर आहे. एक छोटासा प्रश्न, एक छोटेसे उत्तर, आणि मेल उतरवून घ्यायची गरजच संपली. १९९८ मध्ये स्टीव्ह लिनफर्ड यांनी सुरू केलेली स्पॅमहाउस ही आज यातली सर्वांत वापरली जाणारी संस्था. तिच्या झेन यादीत ओळखीचे स्पॅमर, संसर्ग झालेली यंत्रे आणि ज्यांनी थेट मेल पाठवू नयेत असे घरगुती ब्रॉडबँडचे पत्ते एकत्र येतात.

सोय स्वस्त असली तरी ती दुसऱ्याच्या हातात असते. ऑगस्ट २००३ मध्ये ओसिरुसॉफ्ट नावाची यादी सततच्या हल्ल्यांना कंटाळून बंद झाली, आणि बंद होताना तिने विचारलेल्या प्रत्येक पत्त्याला 'हा यादीत आहे' असे उत्तर द्यायला सुरुवात केली. ज्यांनी ती डोळे मिटून लावली होती त्यांच्याकडून सगळ्या जगाचे मेल परत जाऊ लागले. सॉर्ब्स ही जुनी यादी जून २०२४ मध्ये बंद झाली. कितीतरी कॉन्फिगरेशन फाइलींत तिचे नाव अजून सापडेल. आजही एक खड्डा जसाच्या तसा आहे. गूगलच्या ८.८.८.८ सारख्या सार्वजनिक रिझॉल्व्हरमधून विचारले तर स्पॅमहाउस १२७.२५५.२५५.२५४ असे उत्तर देते. अर्थ इतकाच, की इथून विचारू नका. पण 'कोणतेही उत्तर आले की नाकारा' असा नियम असेल तर सर्व्हर या उत्तराचा अर्थ 'स्पॅमर आहे' असाच घेतो आणि येणारा प्रत्येक मेल परत पाठवतो. स्वतःचा रिझॉल्व्हर हवा याचे हे दुसरे कारण. आणि नाकारायचे ते ठरावीक उत्तरांवरच, हेही लिहून ठेवायला हवे.

ग्रेलिस्टिंगने तर एके काळी जादूच केली होती. इव्हान हॅरिस यांनी २००३ मध्ये ही पद्धत मांडली. आयपी पत्ता, प्रेषक आणि घेणारा ही तिकडी पहिल्यांदाच दिसली तर ४५१ म्हणायचे, आत्ता नाही. खरा सर्व्हर थोड्या वेळाने पुन्हा येतो, कारण तसे येणे हे त्याचे कामच आहे. स्पॅम सोडणारा बॉट तेव्हा पुन्हा येत नसे. त्याच्याकडे रांग ठेवायची सोयच नव्हती. तपासणीचा खर्च म्हणजे एका छोट्या डेटाबेसमधला एक शोध. ओपनबीएसडीवाल्यांच्या स्पॅमडीने तर संशयितांना सेकंदाला एकेक अक्षर या वेगाने उत्तर देत तिष्ठत ठेवण्याची सोय केली. यात स्पॅमरचे किती नुकसान झाले सांगता येणार नाही, पण अ‍ॅडमिनांना समाधान पुष्कळ मिळाले.

आज ग्रेलिस्टिंग सरसकट लावावे असे मला वाटत नाही. मोठ्या कंपन्या एकच मेल दुसऱ्या प्रयत्नात दुसऱ्याच पत्त्यावरून पाठवतात, तिकडी जुळत नाही आणि मेल तासन्‌तास लटकतो. २००३ मध्ये मेल अर्ध्या तासाने पोचला तर कोणाचे अडत नव्हते. आज त्यात पाच मिनिटांत बाद होणारा ओटीपी असतो. शिवाय बरीच जोखीम चोरलेल्या खऱ्या खात्यांतून येते. ते मेल खऱ्या सर्व्हरवरून निघतात आणि निमूटपणे पुन्हा येतात. ग्रेलिस्टिंग ठेवायचेच असेल तर फक्त संशयाच्या सीमेवरच्या मेलसाठी ठेवावे.

त्यामागचे तत्त्व मात्र खरे ठरले: बॉट घाईत असतो. पोस्टफिक्स या मेल सर्व्हरचे लेखक विट्झे व्हेनेमा यांनी २०११ च्या २.८ आवृत्तीत पोस्टस्क्रीन आणला तो याच तत्त्वावर. पोस्टफिक्समध्ये मेल घेणाऱ्या प्रोसेस मुळात शंभरच असतात. शंभर बॉटांनी त्या अडवल्या की खरे पाहुणे बाहेर ताटकळतात. पोस्टस्क्रीन ही एकच हलकी प्रोसेस सगळ्यांच्या पुढे उभी राहते आणि शेकडो जोडण्या एकटी सांभाळते. ती स्वागताची पहिलीच ओळ पाठवते, २२० पुढे आडवी रेघ, म्हणजे 'थांबा, आणखी सांगायचे आहे'. मग सहा सेकंद गप्प बसते. भार वाढला असेल तर दोनच सेकंद. नियम पाळणारा सर्व्हर थांबतो. घाईतला बॉट मधेच बोलायला लागतो आणि तिथेच पकडला जातो. याच सहा सेकंदांत ब्लॅकलिस्टांची उत्तरेही येऊन पडतात. परीक्षेत पास झालेल्याचा पत्ता काही काळ लक्षात ठेवला जातो, त्यामुळे नेहमीच्या ओळखीच्या सर्व्हरांना पुन्हा थांबावे लागत नाही. मजकूर न वाचता, डिस्कला हात न लावता केलेली इतकी काटकसर मला दुसऱ्या कोणत्या साधनात दिसलेली नाही.

याच्याच शेजारी एक कंटाळवाणी पण मोठी बचत आहे: नसलेल्या माणसाच्या नावाचा मेल घ्यायचाच नाही. स्पॅमर डोमेनपुढे अमित, सुनील, अकाउंट्स, इन्फो अशी हजारो नावे लावून पाहतो. सर्व्हरकडे खऱ्या पत्त्यांची यादी असेल तर 'आरसीपीटी टू'लाच ५५० म्हणता येते. पण कुठेतरी 'काही सुटू नये' म्हणून सगळी नावे एकाच पेटीत घेणारा कॅच-ऑल लावलेला असतो, कुठे राखीव सर्व्हरला ही यादीच दिलेली नसते. स्पॅमरांना हे ठाऊक असते. मुख्य सर्व्हर जागा असतानाही ते मुद्दाम राखीवकडे जातात. राखीव सर्व्हर मुख्यइतकाच कडक नसेल तर तो नसलेला बरा.

एवढ्या सगळ्यातून जे आत येते ते वाचावेच लागते. इथेही फरक पडतो तो क्रमाने. पॉल ग्रॅहम यांनी ऑगस्ट २००२ मध्ये शब्दांच्या संभाव्यतेवरून स्पॅम ओळखण्याची योजना लिहिली आणि बेझची पद्धत घरोघरी पोचली. त्याआधीच, २००१ मध्ये, जस्टिन मेसन यांचा स्पॅमअसॅसिन आला होता. प्रत्येक नियमाला गुण, बेरीज ५ झाली की स्पॅम. पर्लमध्ये लिहिलेला हा प्रोग्रॅम दर मेलसाठी नव्याने सुरू करणे म्हणजे सर्व्हरची हत्याच. त्यासाठी कायम जागी राहणारी स्पॅमडी प्रोसेस असते (ओपनबीएसडीच्या स्पॅमडीशी हिचे फक्त नाव जुळते). तिच्याकडे मेल नेणारा स्पॅमसी ५०० केबीपेक्षा मोठे मेल मुळात तपासायला पाठवतच नाही, कारण स्पॅम सहसा लहान असतो. बेझचा साठा मूळ मांडणीत फाइलींत असतो आणि जुने शब्द काढून टाकण्याची साफसफाई ऐन तपासणीच्या मध्ये सुरू होऊ शकते. ती रात्री क्रॉनवर ढकलली, किंवा साठा रेडिसमध्ये नेला, की दिवसाचे अधूनमधून येणारे झटके थांबतात. अशी तपासणी मेल रांगेत घेण्याआधी करायची असेल तर पोस्टफिक्सला सांगावे लागते, की आधी पूर्ण मजकूर उतरवून घे, मगच फिल्टरला हात लाव. नाहीतर कुठूनतरी रखडत येणारा एक मेल जड फिल्टरची एक प्रोसेस मिनिटभर अडवून बसतो.

नियमही झिजतात. १ जानेवारी २०१० ला स्पॅमअसॅसिन वापरणाऱ्यांचे साधे मेल अचानक स्पॅममध्ये पडू लागले. 'तारीख फार पुढची आहे' असे सांगणाऱ्या नियमात २०१० पासूनची सगळी वर्षे येत होती, आणि त्याला दोन ते साडेतीन गुण होते. दुरुस्ती विकासकांच्या कोडमध्ये आधीच झाली होती, ती वापरणाऱ्यांपर्यंत पोचली नव्हती.

मराठी मजकुराची इथे वेगळीच कुतरओढ होते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे एक चिन्ह तीन बाइटांचे. मेलमध्ये ते बेस-६४ होऊन गेले की चार. आता स्पॅमअसॅसिनचे बेझ पंधरा बाइटांपेक्षा लांब शब्द अखंड ठेवत नसे. इंग्रजीला पंधरा अक्षरे पुष्कळ झाली, आपल्याकडे पंधरा बाइट म्हणजे पाचच चिन्हे. 'महाराष्ट्र' हा शब्द काना आणि हलन्त धरून दहा चिन्हांचा, तीस बाइटांचा. जुन्या आवृत्त्या त्याचे दोन-दोन बाइटांचे तुकडे करत, आणि त्या तुकड्यांतून ना शब्द हाती लागे ना अर्थ. डिसेंबर २०२२ च्या ४.० आवृत्तीत यूटीएफ-८ ची हाताळणी बरीच सुधारली. तरीही फिल्टरला मराठी शिकवायचे काम कोणी बाहेरचा करणार नाही. आपल्याकडे येणारे खरे मराठी मेल आणि मराठी स्पॅम, दोन्ही त्याला दाखवावे लागतात.

व्हायरस तपासणीबद्दल थोडक्यात. क्लॅमएव्हीची क्लॅमडी जागी ठेवा. दर मेलला क्लॅमस्कॅन चालवाल तर तो प्रत्येक वेळी सगळा साठा नव्याने वाचत बसेल. हा साठा रॅममध्ये एक जीबीपेक्षा जास्त जागा घेतो. नवा साठा आला की जुना आणि नवा काही काळ एकत्र राहतात, म्हणजे जागा दुप्पट. लहान सर्व्हर नेमका याच वेळी कोसळतो आणि कारण कळत नाही. दोन्ही साठे एकत्र न ठेवण्याची सेटिंग आहे. तेवढा वेळ तपासणी थांबते, चालण्यासारखे आहे.

नव्याने उभारणी करणाऱ्याने आज आरस्पॅमडी पाहावा. व्हसेवोलोद स्ताखोव्ह यांनी तो सी आणि लुआमध्ये लिहिला आहे. डीएनएसच्या उत्तराची वाट पाहत एक प्रोसेस अडवून न ठेवता तीच प्रोसेस दुसऱ्या मेलकडे वळते. वर मांडलेले ३०० प्रोसेसचे गणित त्यामुळे लागूच होत नाही. नियमांचे शेकडो नमुने हायपरस्कॅनने एका फेरीत जुळवले जातात. स्पॅमअसॅसिनची जुनी, हाताने जोपासलेली मांडणी असेल तर ती मोडायची घाई नको, पण कोऱ्या यंत्रावर दोघांपैकी एक निवडायचा तर मी आरस्पॅमडीच निवडेन.

एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क यांच्याकडून भार कमी होण्याची अपेक्षा करू नये. मेल खरेच त्या डोमेनचा आहे का, एवढेच त्यातून कळते. स्पॅमरही स्वतःच्या डोमेनची सही व्यवस्थित करतो. एसपीएफ मजकुराआधी तपासता येते, त्यात दहापर्यंत डीएनएस विचारणा होऊ शकतात. डीकेआयएमसाठी तर पूर्ण मजकूर हातात लागतो. फायदा उलट्या बाजूने होतो: ओळख पटलेल्या आणि विश्वासातल्या डोमेनचे मेल जड तपासणीतून वगळता येतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये गूगल आणि याहूने मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांना हे सगळे सक्तीचे केल्यापासून असे वगळणे जास्त भरवशाचे झाले आहे.

आणि भार बाहेरूनच येतो असेही नाही. एका कर्मचाऱ्याचा पासवर्ड फुटला की रात्रीत त्याच्या खात्यातून हजारो मेल निघतात, आपला पत्ता ब्लॅकलिस्टवर जातो, आणि कोणीच न घेतलेल्या मेलची रांग दिवसेंदिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहते. प्रत्येक खात्याला तासाची मर्यादा घालणे हे दोन ओळींचे काम आहे. ते सहसा पहिल्या अपघातानंतर होते.

एकट्या सर्व्हरचे शहाणपण कुठवर चालते हेही पाहायला हवे. ११ नोव्हेंबर २००८ ला कॅलिफोर्नियातल्या मॅककोलो या होस्टिंग कंपनीची इंटरनेट जोडणी तिच्या पुरवठादारांनी तोडली, आणि जगभरचा स्पॅम काही तासांत निम्म्याहून खाली आला. त्या दिवशी सगळ्या सर्व्हरांचा भार उतरला, कोणी कॉन्फिगरेशनची एक ओळ न बदलता. काही महिन्यांत स्पॅम परत वाढला, हेही खरे.

मग भुर्दंड कोणाला? दारातला प्रत्येक स्वस्त नकार मजकूर न पाहता दिलेला असतो, म्हणून त्यातली चूकही आंधळी असते. मोठ्या कंपन्यांचे मेल सहसा अडकत नाहीत. अडकतात ते लहानांचे: स्वस्त होस्टिंगवरची एखादी संस्था, जिच्या शेजारच्या वेबसाइटने स्पॅम केला म्हणून दोघींचा सामायिक आयपी यादीत गेला. तरी मी दारातल्या नकाराच्या बाजूचा आहे, कारण तिथे नाकारलेल्याला निदान कळते. स्पॅमच्या पेटीत गेलेला मेल घेणारा उघडत नाही आणि पाठवणाऱ्याला वाटते पोचला. अवघड आहे ते हे, की कळल्यावर त्याने बोलायचे कोणाशी.

म्हणून दोन-तीन गोष्टी करा. कोणताही नवा नियम लावताना पोस्टफिक्समधला 'वॉर्न इफ रिजेक्ट' वापरा. तो नाकारत नाही, नाकारले असते एवढेच लॉगमध्ये लिहितो. आठवडाभर तो लॉग वाचा. नकाराच्या उत्तरात नुसता ५५४ देऊ नका, कारण आणि संपर्काची जागा एका ओळीत लिहा. आणि पोस्टमास्टर हा पत्ता, जो आरएफसी ५३२१ प्रमाणे मेल घेणाऱ्या प्रत्येक डोमेनवर असायलाच हवा, तो सगळ्या चाळण्यांतून वगळा. त्यावर स्पॅम येईल, भरपूर येईल. तरी तो पत्ता रोज कोणीतरी माणसाने उघडून वाचावा.